नववी-दहावीच्या मुलांशी व्यसनांविषयी नेमके काय बोलावे?

प्रश्न — वर्गशिक्षिका, नववी

नमस्कार. नाशिक जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी २१ वर्षे माध्यमिक शाळेत शिकवते आहे आणि यंदा माझ्याकडे नववीचा वर्ग आहे. गेल्या महिन्यात आमच्या सेवकांना पाण्याच्या टाकीमागे झाडताना एक रुमाल सापडला. पिळून गोळा केलेला तो रुमाल मधोमध वाळून पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता आणि हातभर अंतरावरूनही त्याला पंक्चरच्या सोल्युशनचा उग्र वास येत होता. शेजारी त्याच सोल्युशनच्या दोन चेपलेल्या ट्यूब पडल्या होत्या. रुमालाच्या कोपऱ्यावर कुणीतरी घरी लाल दोऱ्याने एक अक्षर भरले होते. त्या अक्षरावरून तो कोणाचा असावा, याचा मला अंदाज आला आहे, परंतु अजून मी कुणापाशी नाव काढलेले नाही, कारण नाव निघाले की त्याच दिवशी दाखला हातात देण्याची भाषा सुरू होईल, अशी मला भीती वाटते.

आम्ही काहीच करत नाही असे नाही. दरवर्षी २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन पाळतो, प्रभातफेरी काढतो, शपथ घेतो आणि सडलेल्या फुप्फुसांची व कर्करोग झालेल्या तोंडांची छायाचित्रे पडद्यावर दाखवतो. यंदा छायाचित्रे संपल्यावर एक मुलगा उठला आणि अगदी सरळपणे म्हणाला, ‘बाई, माझे आजोबा चाळीस वर्षे तंबाखू मळतात, अजून शेतात जातात. मग ही फोटोतली माणसे कोण?’ वर्ग हसला. मला उत्तर देता आले नाही, आणि त्याच क्षणी मला जाणवले की मुले आमचा कार्यक्रम बघतात, पण तो आपल्यासाठी आहे असे त्यांना वाटत नाही.

या वयाच्या मुलांशी या विषयावर काय बोलावे, किती खोलात शिरावे, आणि त्या रुमालाच्या मालकाशी मी बोलायला कशी सुरुवात करावी, हे मला अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायचे आहे.

उत्तर — निवृत्त मुख्याध्यापक, सांगली

बाई, तुमची तळमळ समजते, पण माझे मत थोडे वेगळे आहे. पदार्थांची नावे, ते कसे घेतात, त्याने काय वाटते, हे वर्गात बोलायला लागलो तर ज्यांना माहीत नाही त्यांनाही माहीत होते. आमच्या वेळी मुलांना धाक होता, म्हणून मुले वाया जात नसत. एका मुलामुळे चाळीस मुलांना लागण होणार असेल, तर त्या एकाला दूर करणे हे मुख्याध्यापकाचे कर्तव्य ठरते. हे कठोर वाटेल, परंतु शाळा चालवताना सगळ्या वर्गाचा विचार करावा लागतो.

उत्तर — समुपदेशक, पुणे

सर, आपल्या दोन्ही मुद्द्यांवर सविस्तर लिहितो, कारण बाईंच्या प्रश्नाचे उत्तर त्यांतूनच निघते. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात मी १७ वर्षे काम करतो आहे आणि त्यांतला बराचसा काळ शाळांमध्ये गेला आहे.

आधी धाकाविषयी. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये गणवेशातल्या पोलिसांनी वर्गात जाऊन मुलांना अमली पदार्थांविषयी शिकवण्याचा मोठा उपक्रम सुरू झाला आणि पुढे तो देशभर पसरला. त्याची वारंवार तपासणी झाली, तेव्हा तो घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांच्या सेवनात सांगण्यासारखा फरक आढळला नाही, आणि अखेर त्याचा अभ्यासक्रमच बदलावा लागला. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेगारीविषयक कार्यालयाने २०१३ साली प्रतिबंधाची आंतरराष्ट्रीय मानके प्रसिद्ध केली आणि २०१८ साली ती सुधारली. भीती घालणे, नुसती माहिती ओतणे आणि पूर्वी व्यसनी असलेल्या माणसाला आणून त्याची कहाणी ऐकवणे यांनी उपयोग होत नाही, कधी उलटाच परिणाम होतो, असे त्यांत स्पष्टपणे म्हटले आहे. शेवटची गोष्ट स्वीकारणे मलाही जड गेले, कारण आम्ही कितीतरी वर्षे बरे झालेल्या मित्रांना शाळांत नेत होतो. मुले मात्र त्या कहाणीतून एवढेच उचलायची की इतके सगळे करूनही हा माणूस आज चांगल्या कपड्यांत आपल्यासमोर उभा आहे.

आता नावांविषयी. नावे मुलांना आधीच ठाऊक असतात. मालेगावात नशेच्या कोणत्या गोळीला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात किंवा मराठवाड्यात ‘बटन’ म्हणजे कोणती गोळी, हे वर्तमानपत्रांत छापून येते आणि पानटपरीवर उभे राहिले तरी कळते. पदार्थ तर पिढीगणिक बदलतात. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात येरवड्याला ‘मुक्तांगण’ सुरू केले, तेव्हा समोर ‘गर्द’ म्हणजे ब्राउन शुगर होती. आज शहरांत ‘एमडी’ म्हणजे मेफेड्रोन हा उत्तेजक पदार्थ आहे आणि दप्तरात पेनासारखी दिसणारी ई-सिगारेट आहे. म्हणून पदार्थांची यादी पाठ करून घेण्यात अर्थ नसतो. कसे घेतात, किती घेतात, कुठे मिळते, हे मात्र वर्गात कधीच सांगू नये. त्याबाबतीत सरांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे.

मग सांगायचे काय? जे आपल्या गावात आहे, जे मुलांच्या हाताशी आहे आणि जे आजच्या आज त्यांच्या शरीरात घडते, ते सांगावे. चाळीस वर्षांनंतरचा कर्करोग १४ वर्षांच्या मुलाला दिसतच नाही. बाई, तुमच्या विद्यार्थ्याने आजोबांचे उदाहरण दिले, ते खोटे ठरवू नका. त्याला सांगा की तुझे आजोबा धडधाकट आहेत याचा आम्हाला आनंद आहे. प्रत्येकाला कर्करोग होतोच असे नाही, पण आजोबांना उद्यापासून तंबाखू न मळता राहता येईल का, हे तू त्यांनाच विचार आणि ते काय म्हणतात ते मला येऊन सांग. हा प्रश्न मी अनेक वर्गांत दिला आहे. बहुतेक आजोबा नातवाशी खरे बोलतात, आणि ते खरे बोलणे आपल्या कोणत्याही छायाचित्रापेक्षा मुलाच्या मनात अधिक खोल जाते.

सोल्युशनविषयी थोडे अधिक लिहितो, कारण तुमच्यासमोर तेच उभे आहे. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत असे दिसले की हुंगण्याचे पदार्थ हाच एक प्रकार असा आहे, ज्याचे सेवन मोठ्यांपेक्षा १० ते १७ वयोगटातील मुलांमध्ये अधिक आहे. मुलांमध्ये ते प्रमाण १.१७ टक्के होते, मोठ्यांमध्ये ०.५८ टक्के. कारण उघड आहे. ही वस्तू सायकलच्या दुकानात मिळते, स्वस्त असते आणि खिशात सापडली तरी घरी काही ओळखत नाहीत. यांतले टोल्युइनसारखे द्रावक श्वासावाटे आत जाऊन काही क्षणांत मेंदूपर्यंत पोचते आणि नशा काही मिनिटांतच उतरते, म्हणून मूल पुन्हा पुन्हा हुंगत राहते. सर्वांत गंभीर गोष्ट अशी की या द्रावकांमुळे हृदय, घाबरल्यावर शरीरात सुटणाऱ्या अ‍ॅड्रेनलिनला अतिसंवेदनशील बनते. अशा वेळी मूल दचकले, घाबरून पळाले, तर हृदयाची लय बिघडून जागच्या जागी मृत्यू येऊ शकतो, आणि तो पहिल्याच वेळीही येऊ शकतो. म्हणून तुमच्या सेवकांना आणि सहकाऱ्यांना कृपया आजच सांगा की कुणी मूल हुंगताना दिसले, तर ओरडून अंगावर धावून जाऊ नका, पाठलाग करू नका. शांतपणे जवळ जा, मोकळ्या हवेत आणा, बसवा, आणि शुद्ध हरपत असेल तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. धाकाविरुद्ध माझ्यापाशी याहून ठोस कारण नाही.

वर्गात सर्वाधिक वेळ मी ज्याला देतो, ते म्हणजे नकाराचा सराव. ‘नाही म्हणायला शिका’ असे फळ्यावर लिहून मूल नाही म्हणायला शिकत नाही. मी मुलांच्या जोड्या करतो आणि त्यांनाच विचारतो की मित्र आग्रह करताना नेमके काय बोलतो. ‘एकदाच घे रे’, ‘बायल्यासारखं काय करतोस’, ‘घरी सांगणार आहेस का’ ही वाक्ये पाच मिनिटांत बाहेर येतात. मग प्रत्येकाने स्वतःच्या तोंडी शोभेल असे उत्तर शोधायचे आणि ते मोठ्याने म्हणून दाखवायचे. एक मुलगा म्हणाला होता, ‘मी म्हणेन, आई रोज तोंडाचा वास घेते.’ वर्ग हसला, पण पुढच्या महिन्यात चार मुलांनी हेच उत्तर वापरले होते. मुलाला तत्त्वाचे भाषण देऊन मैत्री तोडायची नसते. त्याला मान खाली न घालता तिथून निघून जाण्यासाठी एक वाक्य हवे असते.

आणि सर, त्या एकाला काढून टाकण्याविषयी. शाळेतून काढलेले मूल सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच कुठे जाणार? ते जिथे जाईल तिथे त्याच्याबरोबर फक्त सोल्युशन हुंगणारेच असतील. शिवाय उरलेली ३९ मुले त्यातून एवढेच शिकतात की अडचणीत सापडलो तर बाईंना सांगायचे नाही.

उत्तर — वर्गशिक्षिका, नववी

सर, पाठलाग न करण्याविषयी तुम्ही लिहिलेले वाचून माझ्या अंगावर काटा आला. मागच्या वर्षी टाकीमागून एका मुलाला आमच्या एका शिक्षकांनी मैदानभर पळवले होते आणि आम्ही सगळे ते व्हरांड्यातून बघत होतो. तुमचा परिच्छेद छापून मी आज शिक्षककक्षात लावला आहे.

उत्तर — दंतवैद्य, चंद्रपूर

आमच्या भागाचे वास्तव मांडतो. विदर्भात ‘अमली पदार्थ’ म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर सिनेमातली पांढरी पूड येते आणि खिशातला खर्रा त्यांच्या लेखी व्यसनच नसते. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून दिलेला खर्रा सहावी-सातवीतली मुलेही चघळताना मी पाहतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा टपरीवर डोळ्यांदेखत घोटून मिळतो. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखूचे सेवन करताना आढळले, तेव्हा कोणत्याही वर्गात हा विषय ‘दुसऱ्या कुणाचा’ नसतो.

मी शाळेत गेलो की छायाचित्रे दाखवत नाही. सगळ्यांना आपापल्या हाताची मधली तीन बोटे एकावर एक धरून, उभी, दातांच्या मध्ये घालायला सांगतो. निरोगी तोंडात ती सहज जातात. सुपारी खाणाऱ्याच्या गालाची आतली त्वचा हळूहळू चामड्यासारखी कडक होते आणि तोंड उघडणे कमी होत जाते. गेल्या वर्षी एका दहावीच्या वर्गात एका मुलाची दोनच बोटे गेली. त्याने तिसरे बोट घालायचा पुन्हा प्रयत्न केला, ओठ ताणले, मग हात खाली घेतला आणि शेजारच्याकडे पाहिले. मी त्याला सर्वांसमोर काहीही विचारले नाही. तास संपल्यावर तो स्वतःच माझ्यामागे आला आणि म्हणाला की तिखट खाल्ले की तोंडाची आग होते, ते यामुळेच का. ही त्या विकाराची अगदी सुरुवातीची खूण आहे. कडक झालेली त्वचा पूर्ववत होत नाही, पण त्या वयात खर्रा सुटला तर विकार पुढे सरकणे थांबू शकते.

एक विनंती. ‘नुसती सुपारी चालते’ असे घरी-दारी म्हटले जाते, ते कृपया खोडून काढा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविना सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे.

उत्तर — एका मुलाचे वडील

मी शिक्षक नाही, डॉक्टर नाही. माझा मुलगा आता २३ वर्षांचा आहे आणि गेली तीन वर्षे तो व्यसनापासून दूर आहे. त्याच्या परवानगीने लिहितो आहे.

अकरावीत त्याने गांजा ओढला आणि बारावीनंतर एमडीवर गेला. आम्हाला कळायला १४ महिने लागले. दोन-दोन रात्री तो झोपत नसे, तेव्हा आम्हाला वाटे की अभ्यास करतो आहे. मग सलग दीड दिवस झोपे. जबडा सतत दाबून धरी, दात एकमेकांवर घासल्याचा आवाज जेवणाच्या टेबलावर येई, आणि त्याच्या आईने तेवढ्यासाठी त्याला दंतवैद्याकडे नेले होते. मोबाईल हरवला म्हणाला, तोही आम्ही नवा घेऊन दिला. जेव्हा कळले तेव्हा मी त्याला मारले, कपडे भरले आणि गावी माझ्या थोरल्या भावाकडे सोडून आलो. मला वाटले जागा बदलली की सुटेल. अकराव्या दिवशी तो तिथून निघून गेला आणि पुढचे सहा दिवस तो कुठे होता हे मला आजही पूर्ण ठाऊक नाही.

बरा होत असताना त्याने मला एक गोष्ट सांगितली, ती इथे लिहिण्यासाठीच मी खाते उघडले. आठवीत त्यांच्या शाळेत कुणी पाहुणे आले होते. त्यांनी सांगितले की कोणताही अमली पदार्थ एकदा घेतला की माणूस संपला. मुलगा म्हणाला, ‘बाबा, मी एकदा घेतला आणि मी संपलो नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेलो, पेपर चांगला गेला. मग मला वाटले की हे लोक सगळेच खोटे सांगतात, एमडीबद्दलही.’ बाई, कृपया मुलांना खोटे सांगू नका, त्यांच्या भल्यासाठीही नको. सुरुवातीला चांगले वाटते, म्हणूनच माणूस पुन्हा घेतो, एवढे खरे जर त्याला आधी कुणी सांगितले असते, तर निदान दुसऱ्या इशाऱ्यावर त्याने विश्वास ठेवला असता.

आणि पालकसभेत आम्हालाही शिकवा. आम्ही गुणपत्रिकेवर सह्या करायला येतो आणि निघून जातो.

उत्तर — वकील, सातारा

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, कारण बदनामीच्या आणि पोलिसांच्या भीतीने शाळा गप्प राहतात.

पंक्चरचे सोल्युशन हा १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातला पदार्थ नाही. त्यामुळे तुमच्या विद्यार्थ्यावर त्या कायद्याखाली गुन्हा दाखल होण्याचा प्रश्न उद्भवत नाही. ज्या पदार्थांना तो कायदा लागू आहे, त्यांच्या बाबतीतही कलम ६४-अ असे सांगते की सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातल्या गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतले, तर त्या गुन्ह्यासाठी तिच्यावर खटला चालवला जात नाही. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. अमली पदार्थांच्या विळख्यात ओढले जाण्याचा धोका असलेल्या बालकाकडे बाल न्याय अधिनियम, २०१५ हा गुन्हेगार म्हणून पाहत नाही. काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक अशीच त्याची व्याख्या आहे, आणि जिल्ह्याची बालकल्याण समिती त्यासाठीच असते.

कायद्याचा रोख मुलाला हे पुरवणाऱ्यावर आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ७७ नुसार वैद्यकीय कारणाशिवाय बालकाला मद्य, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. ई-सिगारेटची तर विक्रीच २०१९ पासून देशभर बंद आहे. मुलाचा दाखला काढण्याआधी शाळेने फाटकासमोरच्या टपरीविरुद्ध लेखी तक्रार दिली आहे का, हे मुख्याध्यापकांना जरूर विचारा.

उत्तर — समुपदेशक, पुणे

वकीलसाहेबांचे आभार. बाई, त्या मुलाशी बोलण्याविषयी लिहायचे राहिले होते. रुमाल पुढे ठेवून ‘हा तुझा ना?’ असे विचारू नका. तो नाही म्हणेल, आणि एकदा नाही म्हटल्यावर त्याला ते निभावत बसावे लागेल. एकटा गाठा, पण बंद खोलीत बोलावून नको. चालता चालता बोलणे या वयाच्या मुलांना सोपे जाते, कारण डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही. आधी त्याचे काय चालले आहे ते विचारा, घर, झोप, जेवण. मग एवढेच सांगा की टाकीमागे काय होते हे मला माहीत आहे, मला तुझी काळजी वाटते आणि मी तुला शाळेतून जाऊ देणार नाही. नंतर गप्प राहा. ती शांतता लांबली तरी भरून काढू नका. घरी सांगावे लागेल हे त्याच्यापासून लपवू नका, पण कोणाला आणि कसे सांगायचे हे त्याच्याबरोबर ठरवा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी आणि मुलांसाठीची १०९८ हे दोन्ही क्रमांक निःशुल्क आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो.

आणखी एक गोष्ट तपासा. शाळा सुटल्यावर ही मुले कुठे असतात? आइसलँडमध्ये १९९८ साली १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेली असत. २०१६ पर्यंत ते प्रमाण पाच टक्क्यांवर आले. त्यांनी भाषणे वाढवली नाहीत. मुलांसाठी खेळ, संगीत आणि क्लब यांवर पैसा खर्च केला, आणि रात्री मुले घरी असावीत यासाठी पालकांनी एकत्र येऊन लक्ष घातले. तो देश लहान आणि श्रीमंत आहे, आपले तसे नाही. पण शाळेचे मैदान पाच वाजता कुलूपबंद न करणे आपल्यालाही जमण्यासारखे आहे.

उत्तर — वर्गशिक्षिका, नववी

सर्वांचे मनापासून आभार. मुलाची ओळख पटू नये म्हणून मी काही तपशील सुरुवातीपासूनच बदलून लिहिले आहेत.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी एसटी स्थानकापर्यंत त्याच्याबरोबर चालत गेले. समुपदेशकांनी सांगितल्याप्रमाणे मी ते तीन वाक्यांत सांगितले आणि गप्प राहिले. बाजार समितीच्या कुंपणापासून पुलापर्यंत तो काही बोलला नाही. पुलावर म्हणाला, ‘बाई, रात्री झोप येत नाही म्हणून घेतो.’ त्याचे वडील दिवाळीपासून घरी नाहीत, हे मला तेव्हा कळले. माझ्या वर्गात तो जूनपासून बसतो आहे. आईला मी सांगावे, पण त्याने सोबत असावे, असे आमचे ठरले आणि काल तसे केले. मंगळवारी आम्ही तिघे जिल्हा रुग्णालयात जाणार आहोत.

टपरीविरुद्धचा अर्ज मुख्याध्यापकांच्या सहीने गेला आहे. दाखल्याविषयी ते अजून काही बोललेले नाहीत आणि मी रुमालावरचे नाव त्यांना स्वतःच सांगितले आहे. मैदान संध्याकाळी सातपर्यंत उघडे ठेवायला दोन शिक्षक तयार झाले आहेत. आठवड्यातले दोन दिवस अजून रिकामे आहेत, त्यासाठी गावातल्या कबड्डी संघाच्या मुलांना विचारते आहे.